कॅसलरॉक स्थानक: आधी घाट, मग सीमा

कॅसलरॉकचे स्थानक गोव्याच्या सीमेवरील जकात नाका म्हणूनच बांधले गेले, असे मत मांडले जाते. त्या मतात एक महत्त्वाची भर घालावीशी वाटते, कारण कालक्रम पाहिला तर चित्र बदलते. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानुसार गोव्यातील मुरगाव बंदराला ब्रिटिश मुलखाशी जोडणारा हा मीटरगेज मार्ग आखला गेला. त्याच कराराने दोन्ही मुलखांमधील जकात उठवली होती आणि त्याबदल्यात पोर्तुगिजांना दरसाल चार लाख रुपये मिळत. 1888 मध्ये गाड्या घाट चढू लागल्या तेव्हा ती व्यवस्था चालूच होती. 1892 मध्ये करार संपुष्टात आला आणि जकातीची सीमा पुन्हा उभी राहिली. त्यानंतरच खाली कुळे येथे पोर्तुगीज आणि वर कॅसलरॉकला ब्रिटिश तपासणी, प्रवाशांच्या ट्रंका उघडून पाहण्यासह, अंगवळणी पडली.

या जागेचे मूळ कारण माझ्या मते घाटच आहे. कुळ्यापासून सुमारे 26 किलोमीटरचा चढ 37 फुटांना एक फूट इतका तीव्र असल्याने जादा इंजिने जोडणे-सोडणे आणि उतरण्यापूर्वी ब्रेक तपासणे यांसाठी माथ्यावर स्थानक अटळ होते. 1955 च्या गोवामुक्ती सत्याग्रहानंतर सीमेपलीकडील वाहतूक थांबली, 1961 मध्ये सीमाच उरली नाही आणि नव्वदच्या दशकात रूळही ब्रॉडगेज झाले. इंजिनांसाठीचा थांबा मात्र आजही आहे. स्थानकावर माहितीफलक लावायचाच झाला, तर त्यावर 1892 हे वर्ष अवश्य असावे.