रेल्स आणि पोस्टग्रेस: स्ट्रिंग कॉलम इंटिजर करताना मायग्रेशन अडते

प्रश्न:
नमस्कार. बाजार समितीतील आवकेची नोंद ठेवणारे आमचे ॲप्लिकेशन रुबी ऑन रेल्समध्ये आहे. त्यातील 'पोती' हा कॉलम सुरुवातीपासून स्ट्रिंग (मजकूर) असल्याने बेरजेसाठी प्रत्येक क्वेरीत रूपांतर करावे लागते, म्हणून तो इंटिजर (पूर्णांक) करणारे मायग्रेशन (टेबलाची रचना बदलणारा कोड) रेल्समधील चेंज कॉलम वापरून लिहिले. लॅपटॉपवर एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ते विनातक्रार चालते. सर्व्हरवरील पोस्टग्रेस मात्र प्रकार आपोआप बदलता येत नाही असे सांगून थांबते आणि यूझिंग (जुन्या मूल्याचे रूपांतर कसे करायचे ते सांगणारा भाग) वापरण्याचे सुचवते. टेबलात सुमारे ४० लाख ओळी आहेत. यूझिंगने काम भागेल, की नवा कॉलम करावा?

उत्तर १:
एसक्यूलाइटवर मायग्रेशन चालले म्हणून डेटा स्वच्छ आहे असे समजू नये. तेथे कॉलमचा प्रकार सहसा सक्तीचा नसतो. जी स्ट्रिंग आकड्यात बदलत नाही, ती इंटिजर कॉलममध्येही मजकूर म्हणूनच पडून राहते.

पोस्टग्रेसमध्ये यूझिंग द्यावेच लागेल, पण नुसते कास्ट (थेट प्रकारबदल) पुरणार नाही. आकड्याच्या मागेपुढे असलेली स्पेस चालून जाते. मात्र रिकामी स्ट्रिंग, हजारानंतरचा स्वल्पविराम किंवा देवनागरी अंक एका जरी ओळीत निघाला, तरी संपूर्ण मायग्रेशन मागे घेतले जाते. मराठी कीबोर्डवरून नोंदी होत असतील, तर देवनागरी अंक सापडतीलच असे धरून चाला. इंग्रजी अंकांखेरीज काहीही असलेल्या ओळी आधी रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुराच्या नमुन्याने) शोधून पाहा. देवनागरी अंक ट्रान्सलेटने बदलता येतात, स्वल्पविराम रिप्लेसने जातो आणि रिकाम्या स्ट्रिंगा ट्रिम व नलइफ यांनी नल (मूल्यच नसलेल्या) करता येतात. मात्र रिकामी जागा म्हणजे शून्य पोती की राहून गेलेली नोंद, हे मापाड्यांना किंवा अडत्यांना विचारूनच ठरवावे.

कॉलमला डीफॉल्ट (आपोआप भरले जाणारे मूल्य) असेल तर तो आधी काढा, कारण यूझिंगमधील रूपांतर डीफॉल्टला लागू होत नाही. शिवाय चेंज कॉलम आपोआप उलटत नसल्याने अप (बदल करणारा भाग) आणि डाउन (तो उलटवणारा भाग) वेगळे लिहा. डाउनने प्रकार परत येईल, नल झालेल्या रिकाम्या स्ट्रिंगा येणार नाहीत.

उत्तर २:
वरील रूपांतर बरोबर आहे, परंतु चालू सर्व्हरवर माझा कौल नव्या कॉलमला आहे. स्ट्रिंगचा इंटिजर करताना पोस्टग्रेस पूर्ण टेबल नव्याने लिहिते आणि तोवर ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक (इतर सर्वांना टेबल बंद करणारे कुलूप) धरून ठेवते, त्यामुळे साधे सिलेक्टही थांबते. त्याहून त्रासदायक म्हणजे, एखादा लांबलचक अहवाल आधीच चालू असेल तर मायग्रेशन त्याच्यामागे ताटकळते आणि नंतर आलेल्या सगळ्या क्वेऱ्या मायग्रेशनच्या मागे रांगेत उभ्या राहतात. म्हणून कोणत्याही मार्गाने गेलात तरी लॉक टाइमआउट (लॉकसाठी थांबण्याची कमाल मुदत) अवश्य लावा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. शोध घेतला असता देवनागरी अंक निघालेच, शिवाय काही ओळींत '४०+३' अशा नोंदी आहेत. त्या बेरजा आहेत की अर्धी पोती वेगळी दाखवली आहेत, हे येथे बसून सांगता येत नाही.

उत्तर २:
मग नवाच कॉलम करा. नल चालणारा इंटिजर कॉलम जोडा, नव्या नोंदी दोन्हीकडे लिहू द्या आणि जुन्या ओळी डीडीएल ट्रान्झॅक्शन (पूर्ण मायग्रेशन एकाच व्यवहारात गुंडाळण्याची रेल्सची सोय) बंद ठेवून छोट्या बॅचमध्ये भरा. '४०+३' सारख्या ओळी तूर्त नल ठेवून त्यांची यादी समितीकडे पाठवा. त्यांचा उलगडा झाल्यावर वाचन नव्या कॉलमवर न्या, जुना कॉलम इग्नोर्ड कॉलम्समध्ये (रेल्सने दुर्लक्ष करायच्या कॉलमांच्या यादीत) टाका आणि तो बदल सर्व्हरवर पोहोचल्यानंतरच पुढच्या मायग्रेशनमध्ये काढून टाका.