रंगावर जाऊ नका, किडा उलटा करा
कुणीतरी निशाचर मखमली मुंग्यांचे (वेल्व्हेट अँट) दोन फोटो टाकून ‘रंग सारखा, म्हणजे जात एकच’ असं म्हटलंय, त्यावर. अहो, या मुंग्या नव्हेतच, गांधीलमाश्यांच्या गोतावळ्यातल्या. अमेरिकेच्या वाळवंटात रात्री दिव्यावर येणारे पंखवाले नर बहुतेक सगळेच फिक्कट तपकिरी, डोक्यावरचे तीन साधे डोळे टपोरे. रंगाने काय डोंबल कळणार? भिंग घ्या, किडा उलटा करा. ओडोंटोफोटॉप्सिस या त्यांच्यातल्याच एका प्रजातीच्या नराला छातीखाली, मधल्या पायांच्या जरा पुढे, बारीक दातासारखे उंचवटे असतात. मग जबड्याच्या खालच्या कडेची खाच बघा. तरी अडलंच तर जननेंद्रियं. आमच्या सोलापुरात नान्नजच्या माळावर भरदिवसा तुरुतुरु पळते ती मखमली मुंगीची बिनपंखी मादी. तिला या खुणा लावू नका. आणि बोटाने उचलू नका. मी उचललीय.