'भोगणे' : सुख कोणाचं, हाल कोणाचे?

प्रश्न : विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' (१९७२) या नाटकावर टिपण लिहिताना एका क्रियापदाशी अडले आहे. त्यात चंपा ही सखारामने लग्नाविना घरी आणलेली बाई. 'सखारामने चंपाला भोगलं' म्हटलं की सुख. 'चंपाने सखारामच्या घरी फार भोगलं' म्हटलं की हाल. कर्ता पुरुष की बाई, यावरून अर्थ फिरतो का?

उत्तर : मला तसं वाटत नाही. 'त्याने आयुष्यात फार भोगलं' यातही हालच आहेत. संस्कृत 'भुज्' म्हणजे खाणं, उपभोग घेणं, अनुभवणं. भोजन आणि भोक्ता त्यातलेच. कर्माचं फळ गोड असो वा कडू, ते भोगायचंच. म्हणून राज्यही भोगतात आणि शिक्षाही.

खरी गोम वाक्यातल्या, म्हणजे व्याकरणातल्या कर्मात आहे. भोगलं जाणारं माणूस असेल, तर ते बहुधा बाईच असतं. 'तिने त्याला भोगलं' हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, तरी कानाला खटकतं. सातबाऱ्यावरचा 'भोगवटादार' आठवा: ज्याचा ताबा तो. बाईच्या बाबतीत हा ताब्याचा अर्थ गुपचूप सुखाच्या अर्थात मिसळतो, आणि मला तो फार बोचतो.

शेजारची क्रियापदंही तशीच. बाई नांदते, पुरुष तिला नांदवतो. नवरा 'टाकतो', दुसरा कोणी 'ठेवतो'. सखाराम नवऱ्यांनी टाकलेल्या, घर सुटलेल्या बायका आणतो, लग्न करत नाही, आणि घरात कसं वागायचं हे पहिल्याच दिवशी सांगतो. लग्नसंस्थेला शिव्या देणारा हा माणूस भाषा मात्र तिचीच बोलतो.

चंपाकडे या क्रियापदाचे दोन्ही अर्थ येतात. सखारामची शय्या ती दारू पिऊन सोसते. तोवर त्याचं काही बिघडत नाही. ती सखारामच्या मित्राकडे, दाऊदकडे जाते, हे चंपाच्या आधी त्या घरात राहिलेली आणि परत आलेली लक्ष्मी त्याला सांगते, आणि तो चंपाचा गळा दाबतो. तिने सोसलेलं त्याला चालतं, तिने निवडलेलं चालत नाही.

प्रश्न : मग चंपा आणि दाऊदबद्दल काय लिहू? 'भोगलं' नको वाटतं, 'अनैतिक संबंध' तर नकोच.

उत्तर : 'चंपाला दाऊद हवा होता' असं लिहा. 'मला तो हवा', 'मला ती हवी': इथे बाई आणि पुरुष दोघांनाही 'ला'च लागतो, आणि ताबा कोणाचाच होत नाही.