एक आकडा बदलायचे आठ हजार जास्त होतात का?

रामबागचा_कोडवाला
इंदूरला घरूनच काम करतो. सियागंजातल्या एका सुक्यामेव्याच्या ठोक व्यापाऱ्याला बिलिंगचं सॉफ्टवेअर करून दिलं होतं, एकरकमी 35 हजारांत. 22 सप्टेंबर 2025 पासून बदाम-पिस्त्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. आदल्या रात्री शेठजींचा फोन: "भिया, बारह का पाँच ही तो करना है!"

पण ऑगस्टात विकलेला माल दिवाळीनंतर परत आला, तर त्याची क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम वळती करायचा कागद) मूळ बिलाच्या दरानंच निघायला हवी, म्हणजे 12 नं. म्हणून कराचा दर बिलाच्या तारखेशी जोडला, जुन्या बिलांवर चालवून पाहिलं. बाहेरून दिसतो फक्त पाच! 8 हजार मागितले, तर शेठजी रुसलेत. फार मागितले का?

बडोद्याची_हिशेबनीस
मी इथे दुकानांची रिटर्न भरते. चुकीच्या दराची क्रेडिट नोट निघाली की ते निस्तरायला हेच शेठ घासाघीस न करता पैसे देतात, कारण तेव्हा नोटीस डोळ्यांपुढे असते. तुमच्या बिलावर "दर बदलला" लिहू नका. "जुना माल परत आला तर जुनाच दर लागेल" असं लिहा.

पलासिया_रिटर्न
8 जास्त नाहीत, 35च कमी होते. देखभालीचे वर्षाला 15-20 टक्के धरतात. 35 वर ते सात हजारांच्या पुढे जात नाहीत. पण एक विचारतो. जीएसटी 2017 ला आला तेव्हापासून दर हलतायत. तारखेची सोय पहिल्यापासून का नव्हती? तिचे पैसे शेठजींनी का द्यावेत?

रामबागचा_कोडवाला
दोन भाव दिले होते ना. तारखेच्या सोयीसकट 50, तिच्याशिवाय 35. शेठजींनी 35 वर बोट ठेवलं.

पलासिया_रिटर्न
व्हॉट्सअ‍ॅपवर दिले होते? मग तोच मेसेज फॉरवर्ड करा आणि 8 कशाला, 15 मागा. पुढच्या कामाआधी उद्यम नोंदणीही (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या. मग लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे उधारी चालत नाही. थकलेली रक्कम शेठजींना त्या वर्षी खर्चात दाखवता येत नाही, त्यामुळे मार्च आला की त्यांचा सीए स्वतःच तुमच्यासाठी तगादा लावेल.