केनाई द्वीपकल्पावर सॅमन आणि हॅलिबट एकाच सहलीत: तारखा कशा ठरवाव्यात?

उत्तरवारा:
पुढील उन्हाळ्यात आम्ही चौघे आठवडाभरासाठी अलास्कात गळाने मासेमारी करण्यास जाणार आहोत. नदीत सॅमन आणि समुद्रात हॅलिबट, असे दोन्ही मासे मिळावेत, अशी इच्छा आहे. काही जण जून सुचवतात, काही ऑगस्ट. मुक्काम द्वीपकल्पावरील होमर या किनारी गावी करावा की नदीकाठच्या सोल्डोट्नाला, आणि आधी काय ठरवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गळकरी:
आधी सॅमनची जात ठरवा: सॉकाय, कोहो की किंग. तारखा त्यातूनच निघतील. हॅलिबट संपूर्ण उन्हाळाभर मिळतो, सॅमन मात्र आपल्या वेळेलाच नदीत शिरतो. केनाई नदीत सॉकायचा दुसरा आणि मोठा लोंढा जुलैच्या उत्तरार्धात येतो, तर कोहो ऑगस्टमध्ये सुरू होऊन सप्टेंबरातही मिळतो. किंगच्या आशेने जूनची तिकिटे काढू नयेत. ज्या नदीत 1985 मध्ये 97 पौंड 4 औंसांचा विक्रमी किंग गळाला लागला, तेथेच परतणाऱ्या किंगची संख्या इतकी घटली आहे की अलीकडे त्याची मासेमारी बंद ठेवावी लागली. पहिल्याच सहलीसाठी मी जुलैचा शेवटचा आठवडा निवडेन. त्या वेळी नदीकाठी खांद्याला खांदा लागेल एवढी गर्दी असते, हे मात्र गृहीत धरावे.

सॉकाय प्रामुख्याने प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, जगतो आणि नदीत शिरल्यावर खाणेच सोडतो, त्यामुळे आमिषाला भुलत नाही. तळालगत वाहणारी दोरी त्याच्या तोंडातून सरकावी आणि गळ जबड्याला बाहेरून अडकावा, अशी ती पद्धत आहे. ती पहिल्या तासाभरात काठावरच्या अनुभवी माणसाकडून शिकून घ्यावी.

शांतखाडी:
तारखांबाबत सहमत आहे, परंतु हॅलिबट कधीही मिळतो हे अर्धेच खरे. कुक इनलेटमध्ये, म्हणजे होमरसमोरच्या समुद्राच्या खाडीत, मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतील फरक होमरजवळ सात-आठ मीटरपर्यंत जातो, आणि अशा ओढीत दोरीला बांधलेले दीड-दोन किलोचे शिसेही तळाशी टिकत नाही. म्हणून शक्य असल्यास अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस टाळून, भांगेच्या भरतीचे, म्हणजे भरती-ओहोटीतील फरक कमी असलेले, दिवस पाहून बोट ठरवावी. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात असे दिवस कोणते येतात, हे भरतीच्या तक्त्यात आताच पाहून ठेवा.

मार्गदर्शकासह जाणाऱ्या बोटींना हॅलिबटचे नियम अधिक कडक आहेत. या भागात अलीकडच्या वर्षांत माणशी दिवसाला दोन मासे, त्यांपैकी एक ठरावीक लांबीच्या आतला, असा नियम असून आठवड्यातील काही वारी हॅलिबट ठेवण्यास मनाईही असते. लांबी आणि वार दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचे नियम वाचूनच आगाऊ रक्कम भरावी. फार मोठ्या माशाचा हट्टही धरू नये, कारण मोठे हॅलिबट बहुधा माद्या असतात आणि चवीला दहा-वीस पौंडांचा मासाच सरस लागतो.

गळकरी:
वारांचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, तो महत्त्वाचा आहे. मुक्काम सोल्डोट्नाला ठेवावा, कारण नदी तेथेच आहे आणि होमर सुमारे 120 किलोमीटरवर. मात्र बोटी भल्या पहाटे निघतात, म्हणून आदली रात्र होमरला काढावी. वारा सुटला की फेरी रद्द होते; तेव्हा बोटीचा दिवस आठवड्याच्या सुरुवातीला ठेवला, तर पुढे एखादा दिवस हाताशी राहतो. ज्यांना बोट लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्यापूर्वीच घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही.

उत्तरवारा:
दोघांचेही आभार. जुलैचा शेवटचा आठवडा नक्की करतो. परवाना प्रत्येकाला वेगळा लागतो का, आणि मासा परत कसा न्यावा?

शांतखाडी:
होय, परराज्यातील किंवा परदेशातील 16 वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाला वेगळा परवाना लागतो. सात दिवसांचा परवाना 45 डॉलरला ऑनलाइन मिळतो, आणि किंग धरायचा असेल तर त्याचा शिक्का, म्हणजे जादा परवाना, निराळा घ्यावा लागतो. सोल्डोट्ना आणि होमर येथे मासा निर्वात पिशव्यांत भरून गोठवून देणारे आहेत. त्यांना किमान एक पूर्ण रात्र द्यावी, म्हणजे परतीच्या आदल्या दिवशी गळ टाकू नये, आणि विमानातून न्यायच्या खोक्याचे वजन 50 पौंडांच्या आत ठेवावे.