गोळी बंद करायची घाई नको

वर एका ताईंनी विचारलंय, व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावून आभासी जग दाखवणारं यंत्र) घेतला तर मुलाची एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यावरची, गोळी बंद करता येईल का? ताई, कृपा करून डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

माझा लेक १० वर्षांचा आहे. नौपाड्यातल्या थेरपिस्ट बाईंकडे आठवड्यातून दोनदा जातो. तिथल्या व्हीआर खेळात आभासी वर्ग दिसतो. फळ्यावर ठरावीक अक्षर आलं की बटण दाबायचं, बाजूने कागदी विमान गेलं तरी मान वळवायची नाही. पहिल्या दिवशी दर विमानामागे मान फिरली. हेडसेट काढला तेव्हा केस घामाने कपाळाला चिकटलेले, तरी म्हणाला, "अजून एकदा!" गृहपाठाला हे शब्द मी कधी ऐकले नव्हते.

जून २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपचारांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने) एडीएचडीसाठीच्या एन्डेव्हरआरएक्स या खेळाला मान्यता दिली, ती ८ ते १२ वयाच्या मुलांसाठी. पण तो टॅबलेटवरचा, व्हीआर नव्हे. आणि तोही इतर उपचारांच्या जोडीलाच. खेळातलं लक्ष आपोआप वहीत उतरत नाही. म्हणून घरी आल्या आल्या आम्ही टीव्ही बंद करून दहा मिनिटं गणितं घेतो.

मळमळ, गरगर वाटली तर लगेच थांबवा. आणि पूर्वी कधी फिट आली असेल, तर थेरपिस्टना आधीच सांगा.