इन्स्टावर कॅन्सरचा अनुभव सांगणारी मुलगी आता पावडर विकतेय, मावशीला काय सांगू?

रानजाई

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्रच असते, पण आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय.

माझी मावशी सांगलीला असते. ब्रेस्ट कॅन्सर, ऑपरेशन झालंय, आता केमो चालू आहे. ती इन्स्टावर एका मुलीला फॉलो करते, तिशीतली असेल, तिलाही ब्रेस्ट कॅन्सर झाला होता आणि केस गेले तेव्हापासूनचे सगळे व्हिडिओ तिने टाकलेत. आणि खरं सांगते, त्या मुलीचे मावशीवर उपकार आहेत. केस गळायला लागले तेव्हा मावशी आरशासमोर जायची नाही, त्या मुलीचा टक्कल करतानाचा व्हिडिओ बघून तिने स्वतःहून काकांना मशीन आणायला सांगितलं. तोंडाला चव नसते तेव्हा काय खायचं, पोर्ट (केमो देण्यासाठी त्वचेखाली बसवतात ते) घालतात तेव्हा किती दुखतं, हे आम्हाला कुणालाच सांगता येत नव्हतं, ते तिने सांगितलं.

पण गेल्या काही महिन्यांत तिचं सगळं बदललंय. आधी एक पाण्याचा फिल्टर आला, मग कसलीशी गव्हांकुराची पावडर, आता इम्युनिटीचे थेंब. व्हिडिओ सुरू होतो तो हॉस्पिटलच्या जुन्या फोटोंनी, डोक्याला रुमाल, हाताला सलाईन, मागे हळवं संगीत, आणि मग एकदम किचन ओटा, ग्लासात हिरवी पावडर ढवळतेय आणि खाली डिस्काउंट कोड. "हे घेतल्याने कॅन्सर बरा होतो" असं ती कुठेही म्हणत नाही. "माझ्या हीलिंगमध्ये याची मला खूप साथ मिळाली" एवढंच. पण खालच्या कमेंट वाचा. "ताई माझ्या आईला थर्ड स्टेज आहे, तिला हे चालेल का?" आणि त्यावर ताईंचं उत्तर, "डीएम केलंय" (म्हणजे खासगी मेसेज) आणि एक हार्ट.

मावशीने पावडर आणि थेंब दोन्ही मागवलेत. डॉक्टरांना सांगितलेलं नाही, कारण "अगं ते नैसर्गिक आहे, औषध थोडंच आहे". मी काही बोलले तर तिला वाटतं मी त्या मुलीवर खोटेपणाचा आरोप करतेय, आणि तिचा चेहरा उतरतो. तिचा हा आधार काढून घ्यायचा नाहीये मला. पण हे बरोबरही वाटत नाहीये. कसं सांगावं? आणि या सगळ्याला काही नियम आहेत का?

माघपौर्णिमा

रानजाई, आधी मावशींना खूप शुभेच्छा. मी स्वतः यातून गेले आहे, ब्रेस्टच, ट्रीटमेंट संपली, आता फॉलोअप चालू आहेत. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

असे व्हिडिओ करणाऱ्यांना सरसकट वाईट म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. आपल्या आयांच्या पिढीत घरात कॅन्सर हा शब्दसुद्धा उच्चारायचे नाहीत, "तो आजार" म्हणायचे. अभिनेत्री लिसा रेने २००९ मध्ये मायलोमा (रक्ताचा कॅन्सर) झाल्यावर उघडपणे ब्लॉग लिहिला, सोनाली बेंद्रेने २०१८ मध्ये न्यूयॉर्कहून केस कापलेले फोटो टाकले, आपले शरद पोंक्षे आजारातून उठून पुन्हा रंगमंचावर आले आणि त्याबद्दल मोकळेपणाने बोलले, या सगळ्यामुळे माझ्यासारखीला ऑफिसात न लाजता सांगता आलं. हे छोटं काम नाही.

आणि पैशाचंही बघा. माझं काम सहा-आठ महिने जवळपास बंदच होतं. हर्टू पॉझिटिव्ह (ब्रेस्ट कॅन्सरचा एक प्रकार) असेल तर ट्रास्टुझुमॅब हे औषध दर तीन आठवड्यांनी, साधारण वर्षभर, वर स्कॅन, रेडिएशन, येणंजाणं. एखादीने यातून जाऊन कंटेंट केला आणि त्यातून चार पैसे मिळवले तर मला काही वावगं वाटत नाही. विगची जाहिरात करू दे, ऑपरेशननंतर घालायच्या मऊ ब्राची करू दे, टोपीची, स्कार्फची, कोरड्या त्वचेच्या क्रीमची करू दे, पण पैसे मिळालेत हे स्पष्ट लिहू दे. विगबद्दल तिला खरंच माझ्या डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं! तिने ती उन्हाळ्यात घातलेली असते.

पण पोटात जाणाऱ्या गोष्टीबद्दल तिला काहीही कळत नाही, आणि मलाही नाही. मी बरी झाले ती सर्जरी, केमो आणि रेडिएशनने. त्या काळात मी रोज सकाळी भिजवलेले बदामही खायचे. उद्या मी कॅमेऱ्यासमोर बदामाचं पाकीट धरून माझी गोष्ट सांगितली तर माझा एकही शब्द खोटा नसेल, तरी बघणारीच्या मनात काय जाईल? जोडणी ती बघणारी स्वतः करते. अडचण नेमकी तिथे आहे. मावशींना म्हणून "ती खोटं बोलतेय" असं म्हणूच नका, कारण बहुतेक ती बोलत नाहीये. तिचं दुखणं खरं, तिचा धीर खरा, पण पावडर ही वेगळी गोष्ट आहे आणि ती विकायचे तिला पैसे मिळतात, एवढंच सांगा.

आणखी एक, त्या मुलीचा कॅन्सर कुठल्या प्रकारचा, कुठली स्टेज, कुठली औषधं मिळाली, हे तिने कधी सांगितलंय का बघा. पाचशे रील्स असतात आणि बायोप्सीच्या रिपोर्टबद्दल एक वाक्य नसतं.

सह्यकडा

नियमांबद्दल विचारलंय म्हणून लिहितो, जाहिरात क्षेत्रातच नोकरी आहे.

नियम आहेत, चांगले आहेत. अ‍ॅस्कीने (जाहिरातींवर देखरेख ठेवणारी मुंबईची संस्था) २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सर्ससाठी नियमावली काढली, पैसे, फुकट वस्तू, कमिशन काहीही मिळालं असेल तर तसं ठळक लिहायलाच हवं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्यात भर घातली, आरोग्य आणि आहाराबद्दल सल्ला देणाऱ्याकडे त्या विषयाची पात्रता हवी आणि ती त्याने दाखवायला हवी. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही २०२३ च्या जानेवारीत स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात तर स्पष्ट आहे की जाहिरात असल्याचं हॅशटॅगच्या ढिगाऱ्यात लपवायचं नाही आणि व्हिडिओ असेल तर लिहायचंही आणि बोलायचंही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, आणि तो जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यालाही लागू आहे. त्याहून जुना १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा, त्यात ज्या आजारांवर इलाजाच्या जाहिराती करायलाच बंदी आहे त्या यादीत कॅन्सर आहे.

मग हे चालतं कसं? माघपौर्णिमा यांनी लिहिलं तेच. कायदा वाक्य पकडतो, "याने कॅन्सर बरा होतो" हे वाक्य. ते वाक्य कुणीच बोलत नाही. ब्रँडकडून जो ब्रीफ (काय दाखवायचं याच्या सूचना) येतो त्यातच असतं की आजाराचा दावा करू नका, "तुमची जर्नी सांगा". मी असे ब्रीफ पाहिलेत आणि वाचून अस्वस्थ झालोय. पहिले वीस सेकंद आजारपण आणि नंतर प्रॉडक्ट, ही रचना मुद्दाम केलेली असते. आणि डिस्काउंट कोड म्हणजे नुसती सवलत नाही हे मावशींना सांगा, तो कोड वापरून जितकी खरेदी होते त्यावर तिला सहसा कमिशन मिळतं, म्हणजे ती एकदा पैसे घेऊन मोकळी झालेली नाही, प्रत्येक डब्यामागे तिचा वाटा आहे.

डबा हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. फूड सप्लिमेंट म्हणून विकत असतील तर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) चौदा आकडी नंबर असतो, आणि औषधी वापरासाठी नाही असं इंग्रजीत छापणं बंधनकारक आहे. ती ओळ मावशींना बोट ठेवून दाखवा. कंपनी स्वतःच म्हणतेय की हे औषध नाही.

निशिगंध_

मी केमो डे-केअरला नर्स आहे. नियम वगैरे बाजूला ठेवा, आधी डॉक्टरांना सांगा, या आठवड्यातच, पुढच्या केमोची वाट बघू नका.

कारण सांगते. केमोनंतर साधारण आठवडा ते दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी एकदम खाली जातात, त्या दिवसांत कच्चं, न शिजवलेलं, बाहेरचे ज्यूस आम्ही टाळायला सांगतो कारण साधं इन्फेक्शनही अंगावर येतं, १००.४ च्या वर ताप गेला की रात्र असो की सणवार, हॉस्पिटल गाठायचं. दुसरं लिव्हर. केमोची बरीच औषधं लिव्हरमधून जातात. ग्रीन टीचा अर्क, काळी मिरी घातलेल्या जास्त डोसच्या कर्क्युमिन (हळदीतला घटक) गोळ्या, अश्वगंधा, यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदवलेल्या आहेत. गुळवेलीबद्दलही मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये असंच लिहिलं, आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, पण केमो चालू असताना कुणी ही परीक्षा स्वतःवर का घ्यावी? भाजीत घातलेल्या हळदीबद्दल मी बोलत नाहीये, ती खुशाल खा.

आमच्याकडे काय होतं सांगते. पेशंट येते, सकाळी उपाशी निघून दोन एसट्या बदलून, सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि एलएफटीचे (लिव्हरची तपासणी) रिपोर्ट हातात. त्यातलं एसजीपीटी वाढलेलं, म्हणजे लिव्हरला त्रास. डॉक्टर विचारतात बाहेरचं काही घेता का, ती म्हणते नाही. केमो पुढे ढकलली जाते. मग मी सुई काढताना गप्पांत विचारते, "काकू, काढा, पावडर, थेंब असं काही?" तेव्हा पिशवीतून बाटली निघते. त्यांना ते "औषध" वाटतच नाही म्हणून त्या नाही म्हणतात, खोटं बोलायचं म्हणून नाही. त्यामुळे रानजाई, "तू काही घेतेस का" असं विचारू नकोस, सगळ्या डब्यांचे पुढून मागून फोटो काढ आणि केमो युनिटच्या नंबरवर पाठव. बऱ्याच ठिकाणी आहारतज्ज्ञही असतात, त्यांच्याकडून मावशीला काय खायचं ते लिहून घे, कारण नुसतं "हे बंद कर" म्हटलं तर हातात काहीच उरत नाही, आणि पेशंटला आपण स्वतःसाठी काहीतरी करतोय असं वाटणं फार गरजेचं असतं. पावडरीच्या पैशात किती अंडी, पनीर, डाळ येईल बघ, केमोत प्रोटीन लागतं.

अनवट

एक वेगळी बाजू मांडतो. सेलिब्रिटी आणि इन्फ्लुएन्सर यांच्यावर संशय घ्यायची लाट आली की खऱ्या पेशंटचे हाल होतात. मॉडेल पूनम पांडेने २ फेब्रुवारी २०२४ ला सर्व्हायकल (गर्भाशयाच्या मुखाच्या) कॅन्सरने स्वतः मेल्याची पोस्ट टाकायला लावली आणि दुसऱ्या दिवशी जिवंत आहे म्हणून आली, जागृतीसाठी केलं म्हणे. माझ्या बहिणीला त्याच वेळी तो कॅन्सर होता. तिला लोक विचारायला लागले, नक्की आहे ना गं? तो प्रश्न मी विसरू शकत नाही. आणि हा कॅन्सर टाळणारी एचपीव्हीची लस, जी आपल्या पुण्याच्या सीरमनेही बनवली आहे, तिची चर्चा त्या गोंधळात बाजूलाच पडली.

खोटं बोलणारे असतात हेही खरंच. ऑस्ट्रेलियाची बेल गिब्सन, ब्रेन कॅन्सर आहे आणि आहाराने बरी होतेय असं सांगून अ‍ॅप विकलं, पुस्तक काढलं, संस्थांना देणग्या देईन म्हणाली. २०१५ मध्ये कबूल केलं की कॅन्सर कधी नव्हताच. २०१७ मध्ये कोर्टाने ४,१०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. पण मला तिच्यापेक्षा जास्त वाईट वाटतं ते त्याच देशातल्या जेस एन्सकॉफबद्दल. तिला खरंच सार्कोमा (एक प्रकारचा कॅन्सर) होता, तिने ज्यूस आणि आहाराच्या थेरपीवर मनापासून विश्वास ठेवला, हजारोंना तेच सांगितलं, २०१५ मध्ये २९ व्या वर्षी गेली. तिच्या आईनेही ब्रेस्ट कॅन्सरला तीच थेरपी घेतली होती आणि ती लेकीच्या आधीच गेली. कुणी फसवत नव्हतं तिथे. म्हणून "ती प्रामाणिक आहे का" हा प्रश्नच अपुरा आहे.

आपल्याकडेही बघा, नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धूंनी पत्नीच्या बरं होण्याचं श्रेय लिंबूपाणी, हळद, कडुनिंबाला दिलं, तेव्हा टाटा मेमोरियलच्या आजीमाजी २६२ डॉक्टरांना सही करून पत्रक काढावं लागलं की याला पुरावा नाही, उपचार थांबवू नका. त्यांच्या पत्नीची सर्जरी आणि केमो झालेलीच होती. तिथे तर विकायला काही नव्हतं, नुसतं प्रेम होतं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार, उत्तरं काकांनाही वाचून दाखवली.

मावशीशी बोलले. निशिगंध म्हणाली तसं डब्यांचे फोटो मागितले, "डॉक्टरांना दाखवून घेऊ, चालत असेल तर घे" एवढंच म्हटलं, तर ती लगेच तयार झाली. युनिटमधून संध्याकाळी निरोप आला, दोन्ही बंद करा आणि पुढच्या वेळी एलएफटी करून या. थोडी हिरमुसली. मग मी ती छापलेली ओळ दाखवली, तर चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाली, "मग ती पोरगी हे का नाही सांगत गं?" मी काही बोलले नाही. फॉलो मात्र ती करतेच आहे, आणि मला ते चालेल.

आता एक प्रश्न, तक्रार करायची आहे, पण त्या मुलीविरुद्ध नाही, कंपनीविरुद्ध. तसं करता येतं का? आणि ती पोस्ट नसून स्टोरी होती.

सह्यकडा

येतं. अ‍ॅस्कीच्या साइटवर तक्रारीत जाहिरातदार कंपनीचं नाव टाका, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवा. स्टोरी चोवीस तासांत जाते, त्यामुळे पुढची आली की आधी स्क्रीन रेकॉर्डिंग करा, कोड आणि तारीख दिसेल असं. डब्याचं बिल मावशींकडून घेऊन ठेवा. आणि त्या "चालेल का" वाल्या कमेंटचे स्क्रीनशॉट आजच काढा, लोकांची नावं झाकून जोडा, बघणाऱ्याला काय समजलं हे त्यातूनच सिद्ध होतं.